देखावा आणि प्रतिष्ठापना

उपासनास्थळाच्या अंतर्भागात एखादी प्रचंड कलाकृती मांडावी आणि भाविक व प्रेक्षक या दोघांनाही ती पाहावयास बोलवावे, ही प्रथा गेल्या काही दशकांत युरोपातील कॅथीड्रलांमध्ये रुळली आहे. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये २०१४ साली बिल व्हायोला यांची हुतात्म्यांवरील चित्रफीत-रचना बसविण्यात आली. लिव्हरपूलच्या कॅथीड्रलमध्ये २०१९ साली ल्यूक जेरम यांचा सात मीटर व्यासाचा पृथ्वीगोल छताखाली टांगण्यात आला. अशा प्रयोगांविषयीचा वाद अखेर एका प्रश्नापाशी येऊन ठेपतो : आत येणारा मनुष्य दर्शनाला आलेला असतो की प्रदर्शनाला? हा प्रश्न पाश्चात्त्य आधुनिकतेने निर्माण केला आणि तेथून तो आपल्याकडे आला, अशी समजूत भारतीय भाषांतील कलासमीक्षेत सहसा दिसते. कोलकाता शहराचा इतिहास ध्यानी घेतला तर ही समजूत टिकत नाही.

त्या शहरातील सेंट जॉन्स चर्च हे १८४७ पर्यंत तेथील कॅथीड्रल होते. त्याची जमीन शोभाबाजारच्या राजा नबकृष्ण देव यांनी दिली. बांधकामासाठी गौड येथील मध्ययुगीन अवशेषांतून दगड आणण्यात आले, म्हणून लोक त्याला ‘पाथुरे गिर्जा’ म्हणू लागले. नबकृष्णांच्याच वाड्यात १७५७ साली, प्लासीच्या लढाईनंतर, दुर्गापूजेचा मोठा थाट मांडला गेला आणि तेथे कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आमंत्रणे गेली, असे सांगितले जाते. म्हणजे कोलकात्यातले कॅथीड्रल आणि पूजामंडप यांचा आश्रयदाता आरंभी एकच होता. त्या आश्रयात भक्ती किती आणि राजकारण किती, हा निराळा प्रश्न. परंतु पवित्र वास्तू ही लोकांना दाखविण्याचीही वस्तू असते, हे ज्ञान या शहराला नवे नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

याच चर्चसाठी योहान झोफानी या चित्रकाराने १७८७ साली येशूच्या शेवटच्या भोजनाचे भव्य चित्र रंगविले. भिंतीवर टांगलेल्या त्या तलवारीची घडण शिपायाच्या साध्या तलवारीची आहे. पाण्याचे पात्र हिंदुस्थानी पिकदाणीसारखे आहे. शेजारी भिस्त्याची पखाल पडलेली आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रेषितांचे चेहरे कलकत्त्यातील तत्कालीन रहिवाशांवरून घेतलेले आहेत. येशूच्या ठायी एक ग्रीक धर्मगुरू, योहानाच्या ठायी एक दंडाधिकारी आणि विश्वासघातकी यहूदाच्या ठायी टलो नावाचा लिलावदार बसविला गेला, अशी परंपरा आहे. रविवारच्या उपासनेला येणाऱ्या माणसाला पवित्र कथेत आपले शेजारीच बसलेले दिसत होते. त्याचे पाहणे तेथे निरुपद्रवी राहू शकत नव्हते. कारण आपला चेहरा कोणत्या आसनावर शोभेल, हा प्रश्न ते चित्र त्यालाही विचारीत होते. कथेने शहराला तपासले आणि शहराने कथेला आपल्या घरातील भांडी दिली.

याउलट उदाहरण १८४७ च्या नव्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये आहे. तेथील पश्चिमेची रंगीत काचेची खिडकी बर्न-जोन्स यांनी योजिलेली असून ती १८८० साली लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ बसविण्यात आली. तिचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु तीत कोलकात्याचा वाटा एवढाच, की तिच्यामधून आत येणारा मावळतीचा प्रकाश या शहराचा आहे. ज्या रचनेवर शहराचा काहीही परिणाम झालेला नाही, ती तेथे लावलेली असते. तिची प्रतिष्ठापना झालेली नसते.

‘प्रतिष्ठापना’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजिला आहे. इंग्रजीतील ‘इन्स्टॉलेशन’साठी मराठीत ‘मांडणशिल्प’ हा शब्द रूढ झाला. तो सुबोध आहे, पण त्यात केवळ मांडणी आहे. स्थळ आणि वस्तू यांच्यात काही घडावे लागते, ही अपेक्षा त्यात नाही. ती अपेक्षा ‘प्रतिष्ठापना’ या शब्दात आहे, पण तो आपण धार्मिक विधीपुरता राखून ठेवला आहे. या दोहोंच्या मधे सार्वजनिक गणेशोत्सवाने मराठीला ‘देखावा’ हा तिसरा शब्द दिला. देखावा म्हणजे मंडपातील दृश्यरचना आणि देखावा म्हणजे वरवरचे सोंग, असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. या विषयाची अर्धी मीमांसा लोकभाषेने आधीच करून ठेवली आहे.

या तीन शब्दांच्या प्रकाशात आजची दुर्गापूजा पाहावी. बंगाली माणूस पूजेच्या दिवसांत ‘ठाकुर देखते’ बाहेर पडतो. त्या एकाच क्रियापदात दर्शन आणि प्रदर्शन दोन्ही सामावलेली आहेत. युनेस्कोने २०२१ साली कोलकात्याच्या दुर्गापूजेचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. तपती गुहा-ठाकुरता यांनी २०१५ च्या ग्रंथात या उत्सवाचा कलाव्यवहार म्हणून सविस्तर अभ्यास मांडला. बांबू, कापड आणि दोर यांनी उभारलेले हे मंडप आता कलासमीक्षेचा विषय झाले आहेत, आणि ते योग्यच आहे. मात्र प्रत्येक भव्य मंडपाला कलाकृतीचा मान देण्याची घाई होत आहे.

२०२२ साली लेक टाउनमधील श्रीभूमी क्लबने रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेची प्रतिकृती उभारली आणि तिच्यात देवी विराजमान झाली. कॅथीड्रलच्या आत कलाकृती मांडण्याच्या युरोपीय प्रथेचे हे नेमके उलटे रूप होते : येथे कॅथीड्रलच मांडणी झाले आणि आत साक्षात उपास्य दैवत होते. अनुकरण हा येथे आक्षेपाचा मुद्दा नव्हे. सेंट पॉल्स कॅथीड्रलचा शिखरभाग १९३४ च्या भूकंपात ढासळल्यावर त्याचा नवा मनोरा कँटरबरीच्या मनोऱ्याच्या धर्तीवरच बांधला गेला. ज्यांना रोम कधीही दिसणार नाही, अशा सहस्रावधी लोकांचा आनंदही तुच्छ लेखण्याजोगा नाही. आक्षेप असा, की त्या भेटीत काहीच बदलले नाही. परधर्मीयांची परमपवित्र वास्तू केवळ मखर ठरली आणि देवी त्या मखरात पूर्वीसारखीच उभी राहिली. दोन श्रद्धा एका छपराखाली आल्या, पण त्यांची गाठ पडली नाही. याला सहिष्णुता म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो देखावा होता, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी.

त्याआधी दोन वर्षे, २०२० साली, टाळेबंदीतील मजुरांची पायपीट ताजी असताना, बेहाला भागातील बडिशा क्लबने देवीला स्थलांतरित श्रमिक स्त्रीच्या रूपात, उघडे मूल कडेवर घेतलेल्या मातेच्या रूपात, उभे केले. तेथे हात जोडणाऱ्याला आपण कोणापुढे हात जोडतो आहोत, याचा विचार करणे भाग होते. काही महिन्यांपूर्वी रस्त्यावर जिच्याकडे पाहण्याचे टाळले, तीच आता देव्हाऱ्यात होती. झोफानीने शेजाऱ्याला प्रेषितांच्या पंक्तीत बसविले. या कारागिरांनी परक्या मानलेल्या मजूर स्त्रीला देवीचे आसन दिले. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याची सुटका होत नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी या भेदाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. कारण तो भाषेत आधी उमटतो. बंगालीत ‘ठाकुर देखा’ आहे, मराठीत ‘देखावा’ आहे. या शब्दांचा तुलनात्मक विचार न करता परभाषेतील संज्ञेचा नुसता पर्याय घडविला, तर समीक्षेला भव्यता मोजता येईल, परिणाम मोजता येणार नाही. पूजेनंतर मूर्ती विसर्जित होते आणि बांबू-कापड उतरवले जाते. लिव्हरपूलचा पृथ्वीगोलही उतरवला गेला. मांडणी क्षणभंगुर असण्यात गैर काही नाही. मांडव उतरल्यावर ते स्थळ आणि तेथे येऊन गेलेला मनुष्य पूर्वीचेच राहिले की नाही, एवढेच विचारावयाचे. पूर्वीचेच राहिले असतील, तर तो कितीही विराट असो, देखावाच. त्यांत अणुमात्र पालट झाला असेल, तर तेथे मंत्रोच्चार झालेला असो वा नसो, प्रतिष्ठापना झाली असे म्हणण्यास समीक्षकाने कचरू नये.