अक्षम कोणाला म्हणावे?

मार्टिन स्कॉर्सेसी या अमेरिकन दिग्दर्शकाचा २०२३ सालचा ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ हा चित्रपट पाहून आलेले आमचे काही सुशिक्षित बंधू म्हणतात की, तो फार संथ आहे. तीन तास सव्वीस मिनिटे! पाठलाग नाही, रहस्य नाही. खुनी कोण तेही लवकरच कळते. आम्ही त्यांस विचारतो, ज्या खुनाला कायद्याचा आश्रय लाभतो, त्याला घाई कशाची असावी?

ओक्लाहोमातील ओसेज या आदिवासी जमातीच्या भूमीखाली तेल सापडले. १९०६ च्या कायद्याने खनिजावरील हक्क सामुदायिक राहिला आणि यादीतील २,२२९ व्यक्तींस त्यात वाटा मिळाला. हा वाटा विकता येत नसे. वारशाने मात्र येत असे. मेख तेथेच होती. ओसेज स्त्रीशी लग्न करावे, तिचे नातलग एकेक करून संपवावेत, की वाटे चालत घरी येतात! मोली बर्कहार्ट हिची एक बहीण १९२१ साली गोळी घालून मारली गेली. दुसरी १९२३ साली घरासकट स्फोटात उडविली गेली. सूत्रधार विल्यम हेल स्वतःस ओसेजांचा हितकर्ता म्हणवीत असे, आणि मोलीचा नवरा हा त्याचाच भाचा.

परंतु खरा गुन्हा त्याहून मोठा होता. निम्मे वा अधिक ओसेज रक्त असलेल्या माणसाने आपली योग्यता सिद्ध करेपर्यंत त्याच्या पैशावर पालक नेमावा, असा कायदा १९२१ साली अमेरिकन संसदेनेच केला. मोली स्वतःच्याच पैशासाठी पालकासमोर बसते आणि आपण ‘अक्षम’ आहोत असे स्वमुखाने सांगते, तो प्रसंग प्रत्येक बौद्ध कुटुंबाने पाहावा. रक्ताच्या मापाने अक्कल मोजणारा हा कायदा! मनूचे शिष्यत्व पत्करण्यास संस्कृत यावेच लागते असे नाही.

आमचा आक्षेप संथपणावर नाही. लिली ग्लॅडस्टोनने मोली अप्रतिम उभी केली असता दिग्दर्शक तिला दीर्घकाळ रोगशय्येवर ठेवतो आणि कॅमेरा नेतो तो नवऱ्याकडे. खुन्याच्या मनातील खळबळ आम्ही का म्हणून इतका वेळ पाहावी? बळी पडणाऱ्यास मन नसते काय?

शेवटी दिग्दर्शक स्वतः पुढे येऊन मोलीचा मृत्युलेख वाचतो. त्यात खुनांचा उल्लेखच नाही! हेलला १९२९ साली जन्मठेप झाली आणि १९४७ साली तो तुरुंगाबाहेर आला.

२००६ साली खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चार जणांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा जणांस फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र दोन्ही न्यायालयांस लागू वाटला नाही. खून झाला, हे मान्य; जातीमुळे झाला, हे अमान्य. मोलीचा मृत्युलेख लिहिणाऱ्यानेही याहून निराळे काय केले होते?