किनारा कोणासाठीं?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर बंदराच्या ताब्यांत सुमारें १,८०० एकर जमीन आहे. १९८९ सालीं न्हावाशेवा येथील बंदर सुरू झाल्यावर मोठी मालवाहतूक तिकडे वळली व जुनीं गोदामें ओस पडूं लागलीं. या जमिनीचें काय करावें हें ठरविण्यास २०१४ सालीं राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली. २०१८ सालीं आराखड्याचा मसुदाही प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून पाण्याकांठच्या रम्य फिरवाटेचीं वर्णनें ऐकून आमचा सुशिक्षित वर्ग हरखून गेला आहे. ही वाट कोणासाठीं, हें ठरल्यावांचून हरखण्याचें कांहीं कारण नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मीनाकांठच्या वारूळवाडीस मुंबईच्या धक्क्यांची उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. जुन्नरचा व्यापार सातवाहनांच्या काळीं नाणेघाटानें कल्याणच्या बंदराकडे उतरत असे. आणि अलीकडे पिढ्यान्‌पिढ्या जुन्नर-आंबेगांवचीं माणसें ओझीं वाहावयास व डबे पोंचवावयास मुंबईस गेलीं आहेत. त्या शहराच्या किनाऱ्यावर त्यांचाही हक्क आहे.

शिवाय ही जमीन झाली कशी? पोर्ट ट्रस्ट १८७३ सालीं स्थापन झाला. प्रिन्सेस डॉक १८८० सालीं, तर अलेक्झांड्रा डॉक १९१४ सालीं खुला झाला. या दुसऱ्या गोदीच्या खोदाईंतील मातीनें समुद्र हटवून बॅलार्ड इस्टेटची जागा तयार झाली. १४ एप्रिल १९४४ रोजीं ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाच्या स्फोटांत शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं, तीं याच गोद्यांत व आसपासच्या वस्तींत. सार्वजनिक संस्थेनें मजुरांच्या हातून घडविलेली ही भूमि खासगी सौधांचें अंगण होऊं देणें हा उघड अन्याय होय.

व्यवहारी लोक म्हणतात, आंतली जमीन विकूं द्या, त्या पैशांतून वाट बांधूं. त्यांनीं बॅकबेचा इतिहास आठवावा. तेथील भरावाचा खर्च जमिनीच्या विक्रींतून सहज निघेल, असाच हिशेब मांडला होता. तो फसला, आणि त्या योजनेंतील उधळपट्टी नरिमन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत चव्हाट्यावर आणली. मात्र त्याच भरावाच्या कडेस झालेल्या मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर आजही हमाल आणि हायकोर्टाचा वकील एक पैही न देतां शेजारीं बसतात. त्या साऱ्या उद्योगांतून लोकांच्या पदरांत पडलें तें हेंच.

म्हणून रचनेचा आरंभ पाण्यापासून न करतां वस्तीपासून करावा. माझगांव-शिवडीच्या चाळींतून रेल्वेचे रूळ व गोदींच्या भिंती ओलांडून पायीं किनाऱ्यावर पोंचतां येईल, असे रस्ते आधीं काढावे. सावलीचीं झाडें, पिण्याचें पाणी आणि स्त्रियांसाठीं स्वच्छ शौचकूप हीं प्रथम, कारंजीं मागाहून. भाऊच्या धक्क्यावरील होड्या व कोळणींच्या पाट्या यांस ‘विद्रूप’ म्हणून हुसकूं नये. शिवडीच्या चिखलांत रोहित पक्षी उतरतात. तेथें नवा भराव घालूं नये.

महेश्वरचा घाट अहिल्याबाईंनीं बांधला तो राजवाड्याच्या गवाक्षांतून पाहण्यापुरता नव्हे. त्याच्या पायऱ्या थेट नर्मदेंत उतरतात. मुंबईच्या आराखड्याचीहि हीच कसोटी आहे. गच्चीवरून दिसणारा किनारा नको, अनवाणी पायांनीं पोंचतां येणारा किनारा हवा; आणि तो इमारतींच्या आधीं हवा.