मोटारींचें प्रदर्शन आणि आपली नजर

"मोटार घ्यायची आहे का?" आमच्या शेजारच्या गृहस्थांनीं विचारलें.

"नाहीं," आम्हीं उत्तर दिलें.

"मग आगगाडीचें भाडें भरून, ऐन थंडींत दिल्लीला जायचें, तें काय नुसतें पाहायला?"

"होय, नुसतें पाहायला."

ते हंसले आणि आम्हीही हंसलों. परंतु त्यांचा तो प्रश्न पुण्यापासून दिल्लीपर्यंत डब्यांत आमच्या शेजारीं बसून आला. ज्याला प्रदर्शनांतील एकही मोटार विकत घेण्याची ऐपत नाहीं, त्यानें तें प्रदर्शन पाहावयास जावें काय? आमच्या शाळेंत मोटारींचें वेड असलेले विद्यार्थी थोडे नाहींत. कित्येकांच्या वहीच्या शेवटच्या पानावरील मोटारीचें चित्र आंतल्या गणितापेक्षां अधिक सुबक असतें. त्यांच्या पालकांनाही हा प्रश्न पडत असेल. म्हणून त्याचें उत्तर येथें देण्याचें योजिलें आहे.

आम्ही यंत्रविद्येचे पंडित नाहीं आणि श्रीमंतही नाहीं. रस्त्यानें जाणारी गाडी आवाजावरून ओळखावी, कोणी बॉनेट उघडलें कीं त्याच्या मागें जाऊन उभें राहावें, एवढाच आमचा शौक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींत पुढच्या बाकावर बसून, स्टिअरिंगच्या दांड्यालगत असलेला तो गिअर चालकाचा हात कसा फिरवितो हें पाहण्यांत उतरण्याचें ठिकाण केव्हां येई तें आम्हांला कळत नसे. ती टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, तेव्हां घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें. या शौकाला पैसा लागत नाहीं; डोळे लागतात. मात्र ते डोळे कोणते, यावर सर्व अवलंबून आहे.

मोटारींच्या प्रदर्शनांचा जुना इतिहास पाहिला तर एक मौजेची गोष्ट सांपडते. १८९८ सालीं पॅरिस येथें ट्विलेरी बागेंत तेथील ऑटोमोबाईल क्लबानें मोटारींचें प्रदर्शन भरविलें. मोटार हें तेव्हां नवलाचें खेळणें होतें. ती खरोखर चालते कीं नुसती उभी राहते, याविषयींच पुष्कळांना शंका वाटे. म्हणून अशी अट घालण्यांत आली कीं, जी गाडी पॅरिसहून व्हर्सायला जाऊन स्वतःच्या बळावर परत येईल तिलाच प्रदर्शनांत जागा मिळेल. आधीं रस्ता आणि मग मांडव, असा तो क्रम होता. आज क्रम उलटा झाला आहे. गाडी आधीं दिव्यांच्या झोतांत फिरत्या चौथऱ्यावर चढते आणि रस्त्यावर येते ती मागाहून. कित्येक गाड्या तर चौथऱ्यावरच जन्मतात आणि तेथेंच संपतात.

आपल्या देशांत ऑटो एक्स्पो या नांवाचें प्रदर्शन १९८६ सालीं दिल्लीच्या प्रगती मैदानावर सुरू झालें. आम्हीं तें प्रथम पाहिलें २००८ सालच्या जानेवारींत. त्या महिन्याच्या १० तारखेस रतन टाटा यांनीं नॅनो ही गाडी लोकांपुढें ठेविली होती. पावसांत एकाच दुचाकीवर बसून चाललेलें कुटुंब पाहून या गाडीची कल्पना मनांत आली, असें त्यांनीं सांगितलें होतें. कर वगैरे सोडून किंमत एक लाख रुपये. एंजिन ६२३ घनसेंटिमीटरचें, दोन सिलिंडरांचें, आणि तें मागच्या बाजूस बसविलेलें. कांचेवर दोहोंऐवजीं एकच वायपर. चाकाला नट तीनच. एक एक भाग कमी करीत किंमत कशी उतरविली आहे हें पाहणें हा आमच्यासारख्यास मोठा पाठच होता. तिच्याभोंवतीं इतकी दाटी होती कीं पुढें सरकावयास जागा मिळेना. आमच्या पुढें एक गृहस्थ धाकट्या मुलाला खांद्यावर घेऊन उभे होते. गाडीच्या खिडकीकडे पाहत ते बोटांवर मोजीत होते: एक, दोन, तीन, चार. त्यांच्या घरांतील माणसें बहुधा तेवढींच असावीं.

त्या दिवशीं आम्हांला वाटलें कीं, दहा वर्षांत स्कूटरवरचीं कुटुंबें दिसेनाशीं होतील. पुढें काय झालें तें आतां सर्वांना ठाऊक आहे. जमिनीच्या तंट्यामुळें सिंगूर येथील कारखाना त्याच वर्षीं सोडावा लागला आणि तो गुजरातेंत साणंदला गेला. गाडी २००९ सालीं विक्रीस आली आणि २०१८ सालीं तिची निर्मिती थांबली. कारणें एकाहून अधिक होतीं. २०१४ सालीं ग्लोबल एन्‌कॅपनें घेतलेल्या धडकेच्या कसोटींत मोठ्या माणसांच्या रक्षणाविषयीं तिला एकही तारा मिळाला नाहीं. मात्र तिच्याबरोबर कसोटीस लावलेल्या दुसऱ्या चार लोकप्रिय गाड्यांनाही तो मिळाला नाहीं, आणि त्या तर पुढेंही खपत राहिल्या. एक कारण निराळेंच होतें. "सर्वांत स्वस्त मोटार" हें बिरुद तिला चिकटलें. तें चिकटूं देण्यांत चूक झाली, असें स्वतः रतन टाटा यांनींही मागाहून कबूल केलें. ज्याला स्कूटर सोडून मोटारींत बसावयाचें होतें, त्याला सर्वांत स्वस्त मोटारींतून उतरतांना चारचौघांनीं पाहावें असें वाटत नव्हतें.

यांत दोष गाडीचा किती आणि आपल्या नजरेचा किती? आमच्या मतें मोटारीकडे पाहण्याच्या नजरा दोन आहेत. एक नजर विचारते, ही चालते कशी, थांबते कशी आणि आंतल्या माणसाला जपते कशी? दुसरी विचारते, हींत बसलेला मी कसा दिसेन? पहिली नजर व्हर्सायच्या रस्त्याची आहे. दुसरी फिरत्या चौथऱ्याची आहे.

ही दुसरी नजर आमच्या घरांतही शिरली होती. आमच्या धाकट्या बंधूंचें लहानसें गॅरेज आहे. त्यांचा मुलगा नववींत शिकतो. सकाळीं वडील त्याला आपल्या जुन्या स्कूटरवरून शाळेंत पोंचवीत. परंतु हा मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानापाशींच उतरूं लागला होता, फाटकापर्यंत स्कूटर येऊं देईना. फाटकापाशीं मित्रांच्या मोटारी उभ्या असत. वडिलांच्या तें लक्षांत आलें होतें. ते कांहीं बोलले नाहींत. आम्हांलाही तें कळलें होतें आणि आम्हीही कांहीं बोललों नाहीं. २०२५ सालच्या जानेवारींत दिल्लीस पुन्हां मोठें प्रदर्शन भरलें तेव्हां आम्हीं त्या दोघांना बरोबर घेतलें, त्याचें खरें कारण हें होतें. शेजारच्या गृहस्थांना तें आम्हीं सांगितलें नाहीं.

पहिला दिवस भारत मंडपम् येथें गेला. पुतण्या एका चौथऱ्यावरून दुसऱ्या चौथऱ्याकडे धांवत होता. त्यानें पुष्कळ छायाचित्रें काढलीं; परंतु तीं गाड्यांचीं नव्हतीं, गाडीशेजारीं उभ्या राहिलेल्या स्वतःचीं होतीं. त्याला हंसण्याचा अधिकार आम्हांला नाहीं. आम्हीही रांगेंत उभे राहून एका भारी गाडींत क्षणभर बसलों आणि तिच्या आरशांत पहिल्यानें आपलाच चेहरा पाहिला.

दुसऱ्या दिवशीं बंधूंच्या आग्रहावरून द्वारकेंतील यशोभूमि येथें गेलों. तेथें मोटारींच्या सुट्या भागांचें प्रदर्शन होतें. एका ठिकाणीं ब्रेकची यंत्रणा उघडून मांडली होती. एकाएकीं ब्रेक दाबला म्हणजे चाक अडकतें आणि गाडी घसरत जाते. अडकलेल्या चाकाला दिशा देतां येत नाहीं, म्हणून स्टिअरिंग फिरविलें तरी गाडी सरळच जाते. हें टाळण्यासाठीं चाकापाशीं एक कडें आणि त्याजवळ एक सेन्सर बसवितात. चाक अडकूं लागलें असें सेन्सरनें कळवितांच ब्रेकचा दाब एका सेकंदांत अनेक वेळां सुटतो व पुन्हां बसतो. चाक फिरतें राहतें आणि गाडी चालकाच्या हातांत राहते. तेथील तरुण कारागिरानें हें सर्व पाठ केल्याप्रमाणें सांगितलें. बंधूंनीं तें ऐकून घेतलें आणि हलक्या आवाजांत विचारलें, "पावसाळ्यांत आमच्याकडे या कड्यांत चिखल आणि लोखंडाची भुकटी बसते. मग समोर इशाऱ्याचा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक घाबरून गॅरेजांत येतें. त्यावर तुम्हीं काय केलें आहे?"

तो तरुण थांबला. त्यानें आंत जाऊन एका वृद्ध अभियंत्यांना बोलावून आणलें. बंधूंनीं माहितीपत्रकाच्या पाठीमागें पेन्सिलीनें चाक काढलें, चिखल कोठून येतो तें दाखविलें, आणि ते दोघे अर्धा तास बोलत राहिले. शेवटीं त्या अभियंत्यांनीं तो कागद मागून घेतला आणि घडी करून खिशांत ठेविला. पुतण्या जवळच उभा होता. त्या दिवशीं त्यानें एकही छायाचित्र काढलें नाहीं.

परत येतांना, रात्रीं डब्यांतील दिवे मालवल्यावर, त्याचा आवाज आला. "बाबा, आपल्या स्कूटरचीं चाकें ब्रेक दाबल्यावर अशीं अडकतात का?"

"अडकतात. म्हणून मी पावसांत हळू चालवितों. तूं मागें बसलेला असलास म्हणजे आणखी हळू."

पुढें कोणी बोललें नाहीं. आतां तो मुलगा सकाळीं कोठें उतरतो हें आम्हीं विचारलेलें नाहीं; तें त्याचें त्यानें ठरवावयाचें आहे.

वाचकांस वाटेल कीं हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे. तसें नाहीं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांपैकीं शंभरांत सुमारें ४४ दुचाकीवरचीं होतीं. ज्या देशांत रस्ता इतका महाग पडतो, तेथें गाडी कशी दिसते हें आधीं आणि ती कशी थांबते हें मागाहून विचारणें आपल्याला परवडणारें नाहीं. सुदैवानें लोक आतां विचारूं लागले आहेत. २०२३ सालच्या ऑक्टोबरांत भारत एन्‌कॅप ही देशी कसोटी सुरू झाली. तींत गाडी मुद्दाम आदळून तारे ठरवितात. हे तारे चौथऱ्यावरच्या दिव्यांनीं मिळत नाहींत; हीच आपली व्हर्सायची वाट आहे.

तेव्हां, विद्यार्थी मित्रहो, प्रदर्शनास अवश्य जा. झळाळी पाहून डोळे दिपले तर दिपूं द्या. त्यांत लाज नाहीं. परंतु परत फिरण्यापूर्वीं प्रत्येक गाडीला तीन प्रश्न विचारा: तूं थांबतेस कशी? आदळलीस तर आंतल्या माणसाचें काय करतेस? आणि बिघडलीस तर आमच्या गांवचा कारागीर तुला उघडूं शकेल का? जेथें उत्तर मिळत नाहीं तेथें फार वेळ उभे राहूं नका.

आणि पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलानें प्रदर्शनाचें नांव काढतांच "तें आपल्यासाठीं नाहीं" असें म्हणूं नये. विकत घेणें आपल्यासाठीं नसेल; समजून घेणें सर्वांसाठीं आहे. दिल्ली दूर पडली तर आपल्या पेठेंतील गॅरेज रोज उघडें असतें. तेथें तिकीट लागत नाहीं, आणि उघड्या बॉनेटपाशीं उभ्या असलेल्या मुलाला सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. कधीं कधीं तो आपला बापच असतो.

शेजारच्या गृहस्थांनीं पुन्हां विचारलें तर आमचें उत्तर तेंच राहील: पाहायला जातों. मात्र त्यांतील "नुसतें" हा शब्द आम्ही आतां काढून टाकूं.