मृगाच्या बाणाजवळचा काळा मेघ

माघातील रात्री गच्चीवर गेल्यास मृग नक्षत्र शोधावे लागत नाही. चार ठळक ताऱ्यांचा चौकोन म्हणजे मृगाचे चार पाय. मधोमध एका ओळीतील तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. चौकोनातील ईशान्येचा तांबूस तारा काक्षी आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातील निळसर-पांढरा तारा राजन्य. रंगावरून ताऱ्याचे तापमान कळते : तांबूस काक्षी तुलनेने थंड, तर राजन्य कितीतरी अधिक तप्त. २०१९ च्या अखेरीस काक्षी बराच मंदावला, तेव्हा त्याचा स्फोट जवळ आला की काय, अशी चर्चा झाली. त्यानेच बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेली धूळ आड आली होती, असे पुढे निरीक्षणांतून दिसून आले.

बाणाच्या दक्षिणेस तीन मंद ठिपके आहेत. त्यांतील मधला ठिपका म्हणजे तेजोमेघ. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या या वायू-धुळीच्या मेघात आजही नवे तारे जन्म घेत आहेत. अंधाऱ्या रात्री साध्या दुर्बिणीतूनही त्याची धूसर आभा दिसते.

दुसरा मेघ मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बाणातील पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ, मागील प्रकाश अडवणारी काळ्या धुळीची एक आकृती आहे, घोड्याच्या मस्तकासारखी. १८८८ साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेच्या छायाचित्राच्या काचेवर ती प्रथम हेरली विल्यमिना फ्लेमिंग यांनी. स्कॉटलंडहून आलेल्या आणि पतीने टाकलेल्या या स्त्रीने, पोटासाठी, वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या घरी मोलकरणीचे काम धरले होते. पिकरिंग यांनी त्यांची बुद्धी ओळखली व त्यांना वेधशाळेत घेतले. तरीही १८९५ च्या तेजोमेघ-सूचीत त्यांच्या शोधांपुढे नाव लागले ते पिकरिंग यांचे. १९०८ च्या पुढील सूचीत फ्लेमिंग यांचे नाव आले. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

ज्याची रक्कम त्याच्याच खाती जमा व्हावी, हा वहीचा पहिला नियम. आकाशाच्या वहीत तो पाळला जाण्यास उशीर झाला. तरी ती नोंद फ्लेमिंग यांच्या हयातीत झाली, हे समाधान. मुलांना बाण दाखवताना त्याच्या पूर्वेकडील ताऱ्यापाशी क्षणभर थांबावे आणि हे नाव सांगावे.