एकट्या जीवाला लागतंच किती?

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी साडेसातला दोन पोरं तात्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात घेऊन आली. तात्यांचे अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. पोरांना वाटले, अर्धांगाचा झटका आला. बोटाला सुई टोचून साखर तपासली, तर ४८! शुद्धीवर होते म्हणून लगेच साखरेचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत तात्या मला नावाने हाक मारू लागले. त्यांना कोणीच पाहिले नसते तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

तात्या हे त्यांचे खरे नाव नव्हे. वय ७२. मधुमेहाची गोळी ते न चुकता घेतात. मी विचारले, "काल दिवसभरात काय खाल्लं?"

"सकाळी चहा-टोस्ट. दुपारी चहा आणि मूठभर शेव. रात्री भूक नव्हती. दूध पिऊन पडलो."

"आणि गोळी?"

"ती घेतली की! औषध कसं चुकवीन, डॉक्टर?"

वाचकहो, रोग आटोक्यात ठेवण्यासाठी दिलेली गोळी रिकाम्या पोटी त्यांच्या जिवावर उठली होती. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन ही औषधे पोटात अन्न जाणार हे गृहीत धरूनच दिलेली असतात. तात्यांच्या घरात गहू आहे, बाजरी आहे, गॅसची टाकी भरलेली आहे. एक मुलगा पुण्याला, दुसरा रांजणगावच्या कारखान्यात. दोघेही दर महिन्याला पैसे पाठवतात. नाही ती फक्त बाई. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि चूल थंडावली. "एकट्या जीवाला लागतंच किती, डॉक्टर?" हे त्यांचे वाक्य मी या तालुक्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. आज या वाक्याशीच मला भांडायचे आहे.

पुरुषाला येत नाही, बाई करत नाही

आपल्या पारनेर तालुक्यातल्या असंख्य पुरुषांनी उमेदीची वर्षे मुंबईत काढली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बाजारात हमाली करून. बायको-मुले गावी आणि आपण दहा जणांच्या खोलीत. जेवणासाठी गिरणगावातल्या खाणावळी होत्या. तिथल्या बायका घरच्या चुलीवर स्वयंपाक करून गिरणी कामगारांना जेवू घालत. अशाच बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुरांडी थंड होत गेली आणि पुष्कळ लोक गावाकडे परतले. तात्या त्यांपैकीच. मुंबईत खाणावळवाल्या मावशींनी वाढले, गावी बायकोने वाढले. सत्तर वर्षे पुढ्यात ताट येत गेले. ते ताट तयार कसे होते, हे बघायची वेळच आली नाही.

बायकांचे दुखणे निराळे. नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या तर पुरुषांहून जास्त दिसतात. त्यांना स्वयंपाक येतो, हात चांगला असतो. पण जन्मभर सर्वांना वाढून शेवटी उरलेले खायची सवय. आता वाढायला कोणी नाही, म्हणून रांधायचेही कारण नाही. "एकटीसाठी कुठं परात घ्यायची?" असे म्हणून त्या सकाळची भाकरी चहात बुडवून दिवस काढतात. स्वतःसाठी कालवण करणे म्हणजे चैन वाटते त्यांना! काही महिन्यांनी पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो, हिमोग्लोबिन सात-आठवर येते.

दुखण्याचे मूळ दोघांत वेगळे असले तरी शेवट एकच. चहा, टोस्ट, खारी, शेव आणि लोणचे. हे खाणे स्वस्त वाटते म्हणून त्याला काटकसर म्हणतात. मी त्याला उपासमार म्हणतो. भरल्या घरातली उपासमार.

सलाईन की भाकरी?

असा माणूस अशक्तपणा आला की दवाखान्यात येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, ताकदीची एक सलाईन लावा." आज त्या बाटलीचा हिशेब सांगून टाकतो. अर्धा लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे पाच-सहा चमचे. तिच्यातून मिळते सुमारे शंभर कॅलरी, एका बाजरीच्या भाकरीपेक्षाही कमी. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल किंवा तोंडाने काही घेता येत नसेल, तर सलाईन जीव वाचवते. पण ज्याला तोंडाने खाता येते, त्याच्या अंगात सलाईनने ताकद येत नाही. तोच पैसा डाळीला लावला तर निदान पंधरा दिवसांचे वरण होईल.

शरीराला काय लागते तेही बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ५५ किलोच्या माणसाला झाली ४५-४६ ग्रॅम. वय झाले म्हणून ही गरज कमी होत नाही. उलट उतारवयात स्नायू झडतात, तेव्हा प्रथिने कमी पडून चालत नाहीत. चहा-टोस्टवर राहणाऱ्याच्या पोटात यातली पाव-तृतीयांशच जातात. वर चार कप चहातून आठ चमचे साखर जाते ती निराळी.

आता दुसरे ताट घ्या. दिवसभरात बाजरीच्या दोन बऱ्यापैकी भाकरी, दोन मुठी डाळ किंवा कडधान्य, एक कप दूध आणि लहान मूठभर शेंगदाणे. एवढ्यात ती ४५ ग्रॅम पुरी होतात. सोबत एखादी पालेभाजी असली की झाले. यात महागडे काय आहे? बाजरी, मटकी, मूग, हुलगा ही तर आपल्या कमी पावसाच्या भागातलीच पिके. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा शहरात बाजरीची बिस्किटे चकचकीत पाकिटातून विकली गेली. आणि आमचे तात्या मैद्याचे टोस्ट खात बसले!

राळेगणचे एक ताट

एकट्या माणसाच्या साध्या राहणीचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात राळेगणसिद्धीचे नाव निघणारच. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन गावी आले आणि यादवबाबांच्या देवळात राहू लागले. झोपायला एक पथारी आणि जेवायला एक ताट, एवढाच आपला संसार असे ते सांगत आले आहेत. त्यांच्या आंदोलनांविषयी कोणाचे मत काहीही असो. मला डॉक्टर म्हणून या संसारातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वस्तूंची यादी कितीही छाटली, तरी ताट त्या यादीत राहिलेच आहे! साधेपणा म्हणजे सामान कमी करणे, जेवण कमी करणे नव्हे.

दुसरे असे, की देवळातल्या खोलीत राहणारा माणूस एकटा असला तरी त्याच्याभोवती गाव असते. त्याच देवळात १९८० च्या सुमारास राळेगणने धान्य बँक सुरू केली. ज्याचे जास्त पिकले त्याने धान्य जमा करायचे, ज्याला तूट आली त्याने न्यायचे, पीक आले की थोडी भर घालून परत करायचे. दुष्काळात कोणाच्या घरी चूल पेटली नाही, ही त्या घराची खासगी बाब नसून गावाची बाब आहे, असे त्या गावाने ठरवले. आज धान्याची तशी टंचाई नाही. रेशनचे धान्य पात्र कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. पण चूल न पेटणारी घरे आहेतच, आणि ती प्रत्येक गावात आहेत.

हा रेशनचा मुद्दा जरा लक्षात घ्या. तिथे मिळते ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ आपल्यालाच आणावी लागते. म्हणून माझे सांगणे असे, की धान्याचे वाचलेले पैसे डाळीला, शेंगदाण्यांना, दुधाला किंवा अंड्याला लावा. शेव-फरसाणाला लावू नका.

एकट्याची चूल कशी पेटवावी?

तात्यांना मी औषधाच्या चिठ्ठीवरच हे लिहून दिले. तेच इथे देतो.

मापाला मूठ धरा. एका वेळेला एक मूठ डाळ, दोन मुठी तांदूळ. एकट्याचे अन्न वाया जाते ते अंदाज चुकल्यामुळे, आणि दोनदा वाया गेले की माणूस रांधायचेच सोडतो.

लहान कुकर घ्या, तीन लिटरचा. डाळ अर्धा तास भिजवा. एका भांड्यात डाळ, दुसऱ्यात भात, वर दुधी किंवा बटाटा. शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून झाकण आपोआप उघडेपर्यंत थांबा. उरलेले शिजणे वाफेवर फुकट होते. काटकसर करायची तर ती गॅसची अशी करा.

दर तीन दिवसांनी मटकी किंवा मूग भिजत घाला. सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधले की दुसऱ्या दिवशी मोड येतात. निम्म्याची उसळ करा, उरलेली दुसऱ्या दिवशी वाफवून कांदा-लिंबू घालून खा.

भाकरी जमत नसेल तर शेजारणीकडून शिका. लाज कसली? तोवर हुलग्याच्या पिठाचे माडगे करा. पीठ पाण्यात कालवून लसूण-जिऱ्याच्या फोडणीत शिजवायचे, दहा मिनिटांचे काम. दात नसलेल्यांना तर ते वरदानच. पिठल्याचेही तसेच. कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी महिन्याची करून ठेवता येते. रक्तदाब असेल तर तिच्यात मीठ बेताने घाला, लोणचे-पापड मात्र बाजूला ठेवा.

शेवग्याचा पाला, तांदुळजा, घोळ, चाकवत या भाज्या बांधावर आणि परसात मिळतात. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका. अन्नातले लोह अंगी लागत नाही.

एक इशारा. सकाळचा भात उन्हाळ्यात बाहेर ठेवून रात्री खाऊ नका, गरम करून सुद्धा नको. त्यात तयार होणारे एक विष उष्णतेने जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात. आमटी-उसळीलाही वास यायची वाट बघू नका. शिळी भाकरी ताकाबरोबर चालते, शिळा भात नाही.

आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनो, जेवण होणार नसेल तर गोळीचे काय करायचे हे आजच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटले की आधी साखर तोंडात, मग दवाखाना. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

डॉक्टरांचीही परीक्षा

हे सगळे लोकांना सांगणे सोपे असते. मागे मुलीच्या बाळंतपणासाठी सौभाग्यवती चार महिने पुण्याला गेल्या, तेव्हा मीही दवाखान्यातून दमून येऊन पाव, फरसाण आणि आंब्याच्या लोणच्यावर रात्री काढल्या. तिसऱ्या आठवड्यात माझाच रक्तदाब वर गेलेला! कंपाउंडर हसला. त्या रात्री पहिल्यांदा मूठभर डाळ कुकरला लावली. मीठ विसरलो होतो. पण ताट घेऊन खाली बसलो, गरम वरणभात खाल्ला, आणि कित्येक दिवसांनी जेवल्यासारखे वाटले. तेव्हा कळले की 'एकट्यासाठी कशाला' या वाक्यात आळस थोडा आणि उदासी जास्त असते. ती उदासी गोळीने नेहमी जात नाही. कधी कधी ती फोडणीच्या वासानेही जाते.

म्हणून शेवटची विनंती भरल्या घरातल्या वाचकांना. आपल्या आळीत एकटे राहणारे कोण आहे, याची आठवण करा. पूर्वी शेजारी वाटीभर कालवण जायचे आणि वाटी रिकामी परत यायची नाही. ही रीत पुन्हा सुरू करायला सरकारी योजना लागत नाही. बचत गटाच्या भगिनींनी गावातल्या अशा आठ-दहा जणांसाठी एका वेळचा डबा माफक पैशात सुरू केला, तर त्यांनाही चार पैसे मिळतील. आणि पुण्या-मुंबईच्या मुलांनी फोनवर "औषध घेतलं का?" एवढेच विचारू नये. "आज काय रांधलं?" हेही विचारावे.

तात्या परवा आले होते. वजन दोन किलोने वाढले आहे. पिशवीतून फडक्यात बांधलेली एक भाकरी काढून माझ्या टेबलावर ठेवली. कडेने जरा करपलेली, आकाराने महाराष्ट्राच्या नकाशासारखी. म्हणाले, "डॉक्टर, बघा तरी खाऊन."

मी खाल्ली. चांगली झाली होती.