ताटाची किंमत आणि जेवणाची चव

स्मरणिकेत दरवर्षी मी एखादी पाककृती देते. यंदा पाककृतीऐवजी थोडं भांडण देते आहे. कुणाला राग आला तर अवश्य घरी या. अदलियात हॉटेलांच्या गजबजाटातच राहते. चहा पाजीन, पण मुद्दा सोडणार नाही.

मुद्दा असा की, आपण परदेशी आलेल्या मराठी माणसांनी महाग जेवणालाच चांगलं जेवण म्हणायला सुरुवात केली आहे.

मागच्या स्नेहभोजनाचं कूपन होतं सहा दिनार. पनीर, नूडल्स, तीन प्रकारचे गोड पदार्थ, आणि कोपऱ्यात गार झालेलं वरण. आपल्या एका होतकरू मुलाला मी कूपन घ्यायचा आग्रह केला. चौघांत एक खोली घेऊन राहतो तो. म्हणाला, "वहिनी, सहा दिनारांत माझा आठवड्याचा बाजार होतो." संध्याकाळी तो आला, खुर्च्या मांडल्या, नाटुकलीचं नेपथ्य उचललं, आणि पानं वाढायच्या आधी गुपचूप निघून गेला. मला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. ज्या पंगतीतून आपलाच माणूस उठून जातो, ती पंगत कसली?

"चांगलं हवं तर पैसे पडणारच," हे उत्तर मला पाठ आहे. एके काळी माझंही तेच मत होतं. लग्न होऊन इथे आले तेव्हा वर्षाचा गोडा मसाला आणि ज्वारीचं पीठ मी भारतातून बॅगा भरभरून आणत असे. जादा वजनाचे पैसेही भरत असे. दिवाळीपर्यंत मसाल्याचा वास उडालेला आणि पिठाची विरी गेलेली. भाकरी थापताना तुकडे पडायचे आणि मी दोष द्यायची बहारीनच्या पाण्याला! दळलेला मसाला जुना झाला की त्यातलं सुगंधी तेल उडून जातं, ही साधी गोष्ट समजायला मला चार वर्षं लागली. आता बॅगेत फक्त दगडफूल, नागकेशर आणि आमसुलं येतात. धने, तीळ, खोबरं, लवंग, दालचिनी इथेच घेते आणि महिन्यापुरतंच भाजून कुटते. खर्च कमी आणि वास असा, की शेजारची फिलिपिनो बाई दार वाजवून विचारते.

तीच गोष्ट मासळीची. पाहुणे आले की आपल्याला पापलेटच हवं, मग ते बर्फात कितीही दिवस पडलेलं का असेना. मी शुक्रवारी सकाळी मनामाच्या सेंट्रल मार्केटमध्ये जाते आणि ताजी साफी घेते. तिच्या परांचे काटे विषारी असतात, टोचले तर हात ठणकतो, म्हणून तिथेच साफ करून घ्यायची. ओलं खोबरं, लाल मिरची, आमसूल घालून कालवण करा आणि मग बोला. एकदा एक पाहुण्या म्हणाल्या, "अय्या, साफी? ती तर स्वस्त असते ना!" दोनदा भात घेतला त्यांनी. इथले लोक हीच साफी तळून खजुराच्या पाकातल्या गोड भाताबरोबर, म्हणजे मुहम्मरबरोबर, चवीने खातात. त्यांना तिची लाज वाटत नाही, मग आपल्याला का वाटावी?

आणि इथलं ते परकं, असं तरी कुठे आहे? १९६५ साली दिनार येईपर्यंत या बेटावर रुपयाच चालत होता. इथले मोती मुंबईच्या बाजारात जात आणि तिकडून तांदूळ, मसाले येत. इथल्या बोलीत लोणच्याला आजही 'अचार' म्हणतात. आमसुलं संपली की मी मसुराच्या आमटीत लूमी टाकते. लूमी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेलं लिंबू. गुळाऐवजी कधी खजुराचा पाक घालते. आमटी मराठीच राहते, बाटत नाही!

आता हिशोब मांडू. ५० माणसांना ५ किलो तांदूळ आणि अडीच किलो तूरडाळ पुरते. पाच घरांनी दहा-दहा माणसांचं वाटून घेतलं, तर प्रत्येकीच्या वाट्याला १ किलो तांदूळ आणि अर्धा किलो डाळ! त्यावर पिठलं, एक भाजी, कोशिंबीर आणि खीर. हॉटेलच्या बिलावर २०२२ पासून १० टक्के व्हॅट आहे, तोही वाचला. दीड-दोन दिनारांत पोटभर ताट होतं. हे मी माझ्या घरी करून पाहिलेलं आहे, हवेतलं गणित नाही.

"म्हणजे बायकांनी पुन्हा चुलीपाशीच बसायचं का?" हा आक्षेप खरा आहे आणि मला मान्य आहे. म्हणून माझी अट आहे: कांदे पुरुषांनी चिरायचे, पातेली पुरुषांनी घासायची. आणि खोली करून राहणारी आपली मुलं आपल्यापेक्षा चांगलं पिठलं करतात, त्यांना पाहुणे म्हणून नव्हे, आचारी म्हणून सन्मानाने बोलवायचं.

कार्यकारिणीला माझी जाहीर विनंती आहे. वर्षातला निदान एक कार्यक्रम असा करून पाहा. फसला तर पुढच्या वर्षी मी मुकाट्याने सहा दिनारांचं कूपन घेईन आणि स्मरणिकेत पुन्हा पाककृती लिहीन. पण त्या दिवशी खुर्च्या मांडणारा तो मुलगा पानावर बसलेला दिसला, तर आमटीत मीठ थोडं कमी पडलं तरी चालेल मला.