यात कला कोणती?

मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या मावसभावाला घेऊन एका कचेरीत गेलो होतो. त्याचं वय अठ्ठ्याहत्तर, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याच्या नातवंडांना याच गावात राहायचं आहे. म्हाताऱ्या कलावंतांना सरकार महिन्याला मानधन देते, त्याचा अर्ज भरायचा होता. टेबलामागच्या माणसाने अर्ज उलटापालटा केला आणि विचारलं, "कला कोणती?"

मी म्हटलं, "खडी गंमत. हे नाच्याचं काम करत. तीस वर्षं केलं."

तो शेजारच्या टेबलाकडे पाहून हसला. तिकडचाही हसला. मग म्हणाला, "काकाजी, साडी नेसून नाचलं म्हणून कोणी कलावंत होते काय? आमच्याकडे होळीले पोट्टेही नाचते. यात कला कोणती? फोटो, सर्टिफिकेट, पेपरातलं कात्रण, असं काही आणा."

दादा काही बोलला नाही. मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. एसटी स्टँडवर मी चहा घेतला, त्याने घेतला नाही. "कायले आनलं बे मले इथं?" एवढंच म्हणाला.

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे. मी दहावी शिकलेला कास्तकार. कलेवर बोलायचा माझा अधिकार नाही असं कोणी म्हणेल. पण मी गॅसबत्तीच्या उजेडात रात्र रात्र बसून गंमत पाहिली आहे, आणि त्या साहेबांनी ती पाहिली नाही हे त्यांच्या बोलण्यातूनच कळत होतं. तेव्हा उत्तर मीच देतो.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. खडी गंमत ही आमच्या नागपूर-भंडारा-वर्धा भागातली. खडी म्हणजे उभ्याने केलेली. तिला ना पडदा, ना मंच. चौकात, पाराजवळ नाहीतर खळ्यात मोकळी जागा करायची, चारही बाजूंनी लोक बसणार आणि मधात शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणं, टाळ. आधी गण, मग गौळण, मग लावणी, सवाल-जवाब, आणि पहाटेपर्यंत चालणारा वग. कलगीवाले आणि तुरेवाले असे दोन फड समोरासमोर आले तर विचारूच नका. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. बाई मोठी की पुरुष मोठा, प्रकृती आधी की ब्रह्म आधी, यावर रात्रभर झगडा. आणि या झगड्यात बाई कोण उभी करणार? नाच्या. लुगडं, चोळी, पायात घुंगरू, तोंडाला सफेदा, कपाळाला कुंकू. दिवसा तोच माणूस कोणाच्या तरी वावरात वखर हाकत असे.

आता साहेबांचं होळीचं उदाहरण घेऊ. होळीला पोट्टे साडी नेसतात हे खरं. मीही एकदा नेसलो होतो, माझ्या वहिनीची. लोक हसले. कशाला हसले? मी पुरुष आहे आणि मला साडी शोभत नाही, एवढ्यालाच. पाच मिनिटांत ते हसू संपलं. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत आज हेच चालतं. धिप्पाड माणसाला साडी नेसवायची, छातीत कापड कोंबायचं, आवाज चिरका करायचा. त्यात बाई कुठेच नसते, बाईची फक्त टिंगल असते. याला कला म्हणू नका, मीही म्हणत नाही. पण या टिंगलीच्या मापाने तुम्ही नाच्याला मोजता, आणि माझं भांडण तिथे आहे.

दादा नाच्या झाला तेव्हा त्याच्या उस्तादाने त्याला पहिलं वर्षभर नाचू दिलं नाही. पाहायला लावलं. बायका विहिरीवरून दोन गुंडं घेऊन येतात तेव्हा पाय कसा टाकतात, ते पाहा. शेणाने हात भरलेली बाई सासरा समोर आला की कोपराने पदर कसा पुढे ओढते, ते पाहा. पऱ्हाटी वेचताना ओटीत कापूस भरत गेला की कंबर कशी मागे जाते, ते पाहा. भरल्या पोटाची बाई निंदणाच्या पातीवरून कशी उठते, आधी कोणत्या गुडघ्यावर हात ठेवते. हे सगळं तो वेचणीच्या बायकांच्या मागे झोळी घेऊन फिरत शिकला. आम्ही रोज त्याच बायकांमध्ये राहत होतो, आमच्या माया-बहिणीच होत्या त्या. पण आम्ही कधी पाहिलं होतं? मला माझी आई गुडघ्यावर हात ठेवून उठते हे पहिल्यांदा दिसलं ते दादाच्या अंगात. चौकात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की वेश ही कला नाही, पाहणं ही कला आहे. लुगडं बाजारात मिळते. पाहिलेलं अंगात उतरवायला वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट. चौकात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे की हा अमक्याचा पोरगा, यानेच काल आपल्या वावरात डवरा हाकला. कोणी फसत नव्हतं. तरी गौळण सुरू झाली की मथुरेच्या वाटेवर अडवलेली गवळण समोर उभी राही. एका डोळ्याने तो दिसे, एका डोळ्याने ती. जो पुरुष बाई बनून लोकांना फसवतो तो सोंगाडू झाला. ज्याच्यात फक्त पुरुषच दिसतो तो होळीतला पोट्टा. नाच्या दोन्हींच्या मधात रात्रभर उभा राहतो आणि आपला तोल जाऊ देत नाही. तारेवर चालणाऱ्या डोंबाऱ्याला तुम्ही टाळ्या देता नं? मग याला काऊन नाही?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. त्या काळी आमच्या गावातल्या बायका गंमत पाहायला यायच्या त्या मागे, अंधारात, पदर ओढून. चारचौघांत त्यांनी तोंड उघडायची सोयच नव्हती. आणि मधात, उजेडात, नाच्या शाहिराला भर सभेत विचारी: दारू पिऊन येतोस ते ठीक, पण माझ्या पाटल्या कोणत्या सावकाराकडे ठेवल्या ते सांग. पोरीच्या लग्नात वावर विकलंस, आता पोरं कशावर जगवू? पुरुष हसत, मग गप्प होत. एकदा घरी परतताना माझी आई अंधारात माझ्या मावशीला म्हणाली, "माह्या मनातलं बोलला तुहा पोरगा." मावशीला आपल्या पोराच्या नाचण्याची लाज वाटायची. त्या रात्रीनंतर तिने त्याच्या घुंगरांचं फडकं स्वतः धुतलं.

माझी भाची पुण्याला शिकते. तिने मला मोबाइलवर दाखवलं, परदेशात पुरुष बायकांचा साज करून मंचावर येतात, त्याला ड्रॅग म्हणतात. अमेरिकेत त्यांची स्पर्धा 2009 पासून टीव्हीवर चालते. जपानच्या काबुकीत बायकांना 1629 मध्ये मंचावर बंदी झाली, तेव्हापासून पुरुषच बायकांची कामं करत आले आणि तिथे त्यांचा मोठा मान आहे. मी म्हटलं, बाप्पा, हे तर आपल्या घरचंच. पण भाचीने मला अडवलं. म्हणाली, "मामा, बायकांना नाचू दिलं नाही म्हणून तुमचे पुरुष नाचले. त्यात कौतुक कशाचं?"

तिचं म्हणणं खोटं नाही. बाईला मंचावर मनाई होती, आणि जी तमाशात उभी राहिली तिला गावाने काय काय नावं ठेवली ते मला माहीत आहे. तो अन्यायच होता. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' नाटकात बायकांनीच बायकांची कामं केली, ते बरंच झालं. आज झाडीपट्टीच्या नाटकांत नट्या आहेत, त्याचा मला आनंद आहे. पण बाईला तिची जागा मिळाली म्हणून नाच्याची कला खोटी ठरते का? शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरगी शिवाजी महाराज होते, आपण उभं राहून टाळ्या वाजवतो. हळदीच्या रात्री माझी आत्या फेटा बांधून, काजळाची मिशी काढून नवरदेव व्हायची आणि मांडव हसून लोटपोट व्हायचा. दुसऱ्याच्या अंगात शिरून पाहणं ही माणसाची जुनी गरज आहे. ज्याला ते उत्तम येतं त्याने ते करावं, बाईने आणि बाप्यानेही.

आता मर्दानगीवाल्यांशी बोलतो. आमच्याच गावातले काही तरुण म्हणतात, हे बायकी चाळे नकोत. पोट्टेहो, तुम्ही एकादशीला भजनात बसता नं? एकनाथांच्या गौळणी म्हणता, ज्ञानोबारायांच्या विराण्या म्हणता. त्यात बोलणारी कोण आहे? बाईच आहे. पन्नास मिशीवाले एका सुरात गवळण होऊन कृष्णाला हाक मारतात, तेव्हा कोणाची मर्दानगी जाते? अर्जुन विराटाच्या घरी बृहन्नडा होऊन वर्षभर नाच शिकवत होता. पुढे गांडीव उचललं ते त्याच हातांनी.

आणि नाच्यांपैकी कोणी मनाने खरंच बाई असेल, तर? असतीलही काही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तृतीयपंथी माणसांची ओळख मान्य केली, तिथे गावाने कोणाची हजेरी घेण्याचं काम नाही. दादाला बायको आहे, तीन लेकरं आहेत. तरी लोकांनी त्याच्या पोरीच्या सोयरिकीत दोनदा विघ्न आणलं, बाप नाच्या आहे म्हणून. गणपत पाटलांनी मराठी सिनेमात नाच्या इतका हुबेहूब उभा केला की लोक त्यांनाच तसं समजू लागले. त्यांच्या कामाची ती पावती म्हणायची की आपल्या अकलेची, तुम्हीच ठरवा. 2010 साली 'नटरंग' सिनेमा आला, पिळदार शरीराचा शेतमजूर नाच्या होतो आणि पुढे त्याची काय विटंबना होते ते लोकांनी थिएटरात बसून पाहिलं. आमच्या गावातले लोकही हिंगणघाटला जाऊन पाहून आले, रडले. परत येताना दादाचं घर लागते. कोणी थांबलं नाही.

याहून मला लागतं ते असं. नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आयुष्यभर स्त्रियांच्या भूमिका करत राहिले. त्यांची साडी नेसण्याची तऱ्हा शहरातल्या बायकांनी उचलली. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी आणि केशवराव भोसल्यांनी मिळून 'मानापमान' केलं. म्हणजे देशाच्या कामाचा पैसा एका पुरुषाने भामिनी होऊन उभा केला. 1964 ला त्यांना पद्मभूषण मिळालं. सगळं रास्त. मी त्यांच्या पायाची धूळ डोक्याला लावीन. त्यांचं गाणं आणि दादाचं गाणं एका तराजूत घालायला मी खुळा नाही. पण काम तर तेच नं? मग शालू नेसला तर गंधर्व आणि लुगडं नेसलं तर नाच्या, असं कसं? एकाला तिकीट काढून शेटसावकार पाहत, दुसऱ्याला गावकुसाजवळचे, हातावर पोट असणारे पाहत. फरक मला एवढाच दिसतो, आणि तो फरक कलेतला नाही, पाहणाऱ्याच्या खिशातला आणि जातीतला आहे. सवाल-जवाब तुम्ही ऐकले, रात्र काढली, दौलतजादा म्हणून दोन रुपये फेकले, आणि सकाळी त्याच माणसाला ओसरीवर बसू दिलं नाही.

दोष सगळा कचेरीचा नाही. आमच्या गावाचाही आहे, माझाही आहे. पोळ्याला, दिवाळीनंतर, शंकरपटाच्या वेळी गंमत होत असे. आता डीजे येतो. वर्गणीच्या बैठकीत डीजे ठरला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. मीही हात वर केला, पोरांना वाईट नको म्हणून. पलीकडे दादा बसला होता. त्याने हात वर केला नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

त्याच्याजवळ सर्टिफिकेट नाही. चौकात कोण देत होतं सर्टिफिकेट? फोटो एक होता, तो घरात पाणी शिरलं तेव्हा गेला. घुंगरं आहेत, गाठोड्यात. आणि ज्या बायका मागे अंधारात बसून ऐकत होत्या त्यांतल्या दोन-तीनच आता उरल्या आहेत. माझी आई त्यांत नाही.

कचेरीतल्या साहेबांनी लेखी पुरावा मागितला होता. मी पाहिलेलं मी लिहून दिलं आहे. हे पुस्तक छापून आलं की एक प्रत घेऊन दादाबरोबर पुन्हा त्या टेबलापुढे जाईन. मानधन द्या न द्या, ते तुमच्या नियमात पाहा. पण त्याला हसू नका. आणि यंदा पोळ्याच्या वर्गणीची बैठक बसेल तेव्हा एक रात्र गंमतीची ठेवा असं मी म्हणणार आहे. दादाचे गुडघे गेले आहेत, तो नाचू शकणार नाही. पण परवा विचारलं तर म्हणाला, "पोट्टा आन एखादा. बसून शिकवतो."